जुन्या वस्तूंवर संसार मांडताना: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्या माणसाला भाड्याची खोली मिळाली की पहिल्या काही दिवसांतच त्याच्या खिशाला मोठी कात्री लागते. गादी, टेबल, पंखा, चार भांडी आणि जमल्यास एखादी दुचाकी एवढे सगळे लगेच हवे असते, आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की यातले बरेचसे सामान पुढच्या खोलीत मावत नाही म्हणून मिळेल त्या भावाने काढून टाकावे लागते. याच शहरात अशा वस्तू घरांतून उचलणाऱ्या, निवडणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि पुन्हा विकणाऱ्या लोकांची मोठी साखळी वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. ती साखळी ओळखून तिच्यातून वस्तू कशा घ्याव्यात आणि आपले काम झाल्यावर त्या तिच्यात परत कशा सोडाव्यात, हे नवख्या माणसाला क्रमाने सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. जुन्या वस्तूसाठी आपण जी किंमत मोजतो, तिच्यातला थोडाच भाग त्या वस्तूच्या लाकडाचा किंवा लोखंडाचा असतो. उरलेली किंमत कोणीतरी दारोदार फिरून ती वस्तू मिळवली, शंभर टाकाऊ वस्तूंमधून ती वेगळी काढली, तिचा बेअरिंग किंवा बिजागरी बदलली आणि ती आपल्यापर्यंत वाहून आणली, या मेहनतीची असते. ज्याला हे उमगते तो योग्य ठिकाणी पैसे मोजतो आणि चांगली वस्तू घरी आणतो. ज्याला 'जुनेच तर आहे, फुकटात मिळायला हवे' असे वाटते, त्याच्या पदरी बहुधा कोणीही न निवडलेला मालच पडतो. शिवाय नवा मिक्सर घेतला तर पैशाचा मोठा वाटा दूरच्या कारखान्याकडे जातो, पण जुन्या मिक्सरची मोटर वाइंडिंग करून घेतली तर तोच पैसा त्याच पेठेतल्या कारागिराच्या घरी जातो. वापरलेल्या वस्तूंच्या व्यवहाराचे गावाला असलेले मोल मला प्रामुख्याने इथे दिसते.

वापरलेले घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आपल्याकडे नवजात बाळाच्या अंगाला सुरुवातीला मऊ झालेले जुने सुती कापडच लावण्याची रीत आहे, आणि त्याची दुपटी आजीच्या साडीची निघतात.

पहिली पायरी: यादीचे तीन भाग करा

बाजारात जाण्याआधी कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात निःशंकपणे जुन्या घेता येतील अशा वस्तू येतात: लोखंडी व पितळी भांडी, स्टीलचे डबे, लाकडी टेबल-खुर्ची, लोखंडी कपाट, पुस्तके, हत्यारे, सायकल. दुसऱ्या रकान्यात नीट तपासून घ्यायच्या वस्तू लिहाव्यात. पंखा, फ्रिज, मोबाइल, प्रेशर कुकर, दुचाकी या त्यातल्या. तिसऱ्या रकान्यातल्या वस्तू नव्याच घ्याव्यात आणि तिथे काटकसर करू नये. गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर गॅस वितरकाकडूनच घ्यावेत, कारण त्यातली झीज वरून दिसत नाही. हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की आतला थर दबतो आणि बाहेरून ते अगदी नव्यासारखे दिसत राहते. खरवडलेले नॉनस्टिक भांडे घेण्यात काही अर्थ नाही. जुनी कापसाची गादी एखाद्या ओळखीच्या घरातून मिळाली तर ती पिंजून घेता येते, परंतु कुठून आली ते माहीत नसलेली गादी ढेकणांसह घरी येण्याचा संभव असतो, आणि एकदा आलेले ढेकूण घालवायला गादीच्या किमतीहून अधिक खर्च येतो.

वेळेचाही विचार करावा. मे-जून महिन्यांत परीक्षा संपवून विद्यार्थी खोल्या सोडतात आणि टेबल, गाद्या, कुलर, सायकली एकदम बाजारात येतात. दिवाळीच्या साफसफाईत घरगुती भांडी आणि फर्निचर निघते. घाई नसेल तर या दोन हंगामांसाठी थांबणे परवडते.

दुसरी पायरी: जुन्या बाजारात भांडी आणि हत्यारे पारखणे

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या परिसरात, बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगांत पाने, पकडी, कुलपे, घड्याळे, बूट, नाणी, पितळी दिवे, बिडाचे तवे आणि कशाचे ते सांगता येणार नाही असे सुटे भाग शेजारी शेजारी पडलेले असतात. सकाळी लवकर गेल्यास निवड चांगली मिळते. दिवस कलल्यावर भाव उतरतो, पण तोवर व्यापारी आणि जाणकार गिऱ्हाइके चांगला माल उचलून गेलेली असतात. पहिल्या फेरीत काहीही न घेता संपूर्ण बाजार पाहावा, एकाच प्रकारच्या वस्तूचे दोन-तीन ठिकाणी भाव विचारावेत आणि मगच खरेदीला लागावे. सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवावे.

बिडाचा तवा किंवा कढई घेताना गंज पाहून घाबरू नये. गंज काथ्याने आणि वाळूने घासून जातो, त्यानंतर तेल लावून मंद आचेवर दोन-चारदा तापवले की तवा कामाला येतो. भीती असते ती तड्याची, कारण बीड ठिसूळ असते आणि तडा गेलेला तवा तापल्यावर फुटू शकतो. तवा कडेला दोन बोटांत अधांतरी धरावा आणि किल्लीने हलकेच वाजवावा. अखंड तव्याचा आवाज खणखणीत येऊन थोडा वेळ घुमतो, तडा गेलेला असेल तर आवाज बद्द येतो. विक्रेत्यांनाही ही परीक्षा ठाऊक असते, त्यामुळे ती करताना संकोच बाळगू नये. उलट, अशी पारख करणाऱ्या गिऱ्हाइकाशी भावाची बोलणी सरळ होतात.

पितळेची पातेली, तपेली, डबे यांचा हिशेब वजनावर होतो. म्हणून निघण्याआधी एखाद्या भांड्यांच्या दुकानात पितळेचा त्या दिवसाचा मोडीचा भाव आणि नव्या भांड्याचा भाव, असे दोन्ही विचारून घ्यावेत. चांगल्या स्थितीतल्या जुन्या भांड्याची वाजवी किंमत या दोन भावांच्या मध्ये कुठेतरी असते. मोडीच्या भावाने कोणी विकत असेल तर भांड्यात काहीतरी दोष आहे असे समजून ते उलटसुलट करून पाहावे. बूड जमिनीवर टेकते का, कड चिरली आहे का, आणि मुख्य म्हणजे कुठे झाळलेला, म्हणजे डाग दिलेला भाग आहे का, हे तपासावे. जुन्या डागकामात शिसे असू शकते, त्यामुळे असे भांडे रोप लावायला किंवा शोभेला ठेवावे, स्वयंपाकाला वापरू नये.

पितळेचे किंवा तांब्याचे भांडे स्वयंपाकासाठी घेतले की त्याला कल्हई लावून घेणे आवश्यक असते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असे आंबट काही ठेवले की ते कळकते, आणि कळकलेला पदार्थ पोटात गेला तर मळमळ आणि उलट्या होतात. कल्हईवाले पूर्वीइतके दारावर येत नाहीत, परंतु भांड्यांच्या जुन्या दुकानांत आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या परिसरात चौकशी केली की पत्ता लागतो. काम उभे राहून पाहण्यासारखे असते. भांडे स्वच्छ घासून भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी आत टेकवली की कथील पाण्यासारखे पसरते, आणि कारागीर कापसाच्या बोळ्याने ते क्षणार्धात सगळीकडे फिरवून भांडे गार पाण्यात बुडवतो. घरी आणण्याआधी आतल्या कोपऱ्यांत आणि काठाखाली पिवळा धातू उघडा राहिला नाही ना, ते पाहून घ्यावे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे असताना मोठ्या आचेवर ठेवू नये आणि त्यात कोरडी फोडणीही करू नये. तारेच्या घासणीऐवजी मऊ घासणी वापरली तर कल्हई अधिक काळ टिकते.

हत्यारांबाबत थोडक्यात सांगायचे तर जुने पोलादी पाने, पटाशी, करवत आणि शेगडा (वस्तू घट्ट पकडणारा व्हाइस) स्वस्तातल्या नव्या हत्यारांपेक्षा पुष्कळदा सरस असतात. पकडीचे जबडे उजेडासमोर धरून जुळतात का ते पाहावे, पान्याचा जबडा सैल झालेला नसावा, आणि हातोडीचा दांडा हलत असला तरी चालेल, कारण दांडा बदलता येतो.

तिसरी पायरी: लाकूड आणि लोखंड

फर्निचरची पारख मागून आणि खालून करावी, कारण पुढचा भाग पॉलिशने सजवलेला असतो. टेबल उलटे करून पाहिले की ते सागवानाचे आहे, प्लायचे आहे की भुशाच्या दाबलेल्या फळीचे आहे, ते लगेच कळते. भुशाची फळी एकदा पाण्याने फुगली किंवा तिच्यातला स्क्रू निसटला की दुरुस्त होत नाही, त्यामुळे तिच्यावर पैसे घालवू नयेत. सागवानी वस्तूचे सांधे सैल झाले असतील तर सुतार ते पाचर ठोकून आणि सरस लावून आवळून देतो. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया, दारे-चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. या जुन्या सागवानाचे साधे टेबल सुताराकडून करून घेतले तर ते दुकानातल्या चकचकीत टेबलापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही, परंतु तीन घरे बदलली तरी तेच टेबल सोबत राहते.

लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे असे समजावे. सुईच्या टोकाएवढी भोके आणि खाली पडलेली बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा आत आहे. असे लाकूड कितीही स्वस्त मिळाले तरी घरात आणू नये. पलंग किंवा सोफा असेल तर मोबाइलच्या उजेडात सांधे आणि शिवणी पाहाव्यात. तिथे काळे ठिपके असतील तर ते ढेकणांचे असतात. लोखंडी कपाटाचा तळ गंजून चाळणी झाला आहे का, दार बंद करताना चौकट तिरकी होते का आणि लॉकरसह सर्व किल्ल्या आहेत का, एवढे पाहिले की पुरे.

वाहतुकीचा खर्च पुष्कळजण विसरतात. जड कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवण्याची हमाली आणि 'छोटा हत्ती'चे भाडे मिळून वस्तूच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकते, म्हणून सौदा पक्का करण्याआधी 'घरपोच किती?' असे विचारावे. विक्रेत्याचा नेहमीचा टेम्पोवाला बहुधा स्वस्त पडतो.

चौथी पायरी: विजेवर चालणाऱ्या वस्तू

इथे नियम एकच: वस्तू चालू स्थितीत पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फ्रिज चालू करून किमान तासभर थांबावे, कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होऊन पुन्हा सुरू होतो का ते ऐकावे आणि दाराचे रबर कागद धरून तपासावे. बंद दारातून कागद सहज निसटला तर रबर गेले आहे. प्रेशर कुकरचे बूड फुगलेले नसावे आणि झाकण एका झटक्यात बसावे. शिट्टी, गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवेच बसवून घ्यावेत.

पंख्याच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. जुना छताचा पंखा स्वस्त मिळतो, मंद फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर बदलल्याने सुधारतो, आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्याचे सुटे भाग मिळतात. परंतु जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो आणि नवा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरीचा, पंखा सुमारे ३० वॅट. दिवसाला दहा तास पंखा चालला तर वर्षाला सुमारे १६० युनिटांचा फरक पडतो. ज्याला एक-दोन वर्षेच राहायचे आहे त्याने जुना घ्यावा, आणि ज्याचा पंखा दिवसरात्र फिरतो त्याने नव्याचा हिशेब करून पाहावा. जुने ते नेहमीच किफायतशीर असते असे नाही, आणि फ्रिजलाही हेच लागू पडते. त्याच्यावरच्या तारांकित लेबलवरचे वर्ष फार जुने असेल तर विजेचे बिल काही वर्षांत बचत खाऊन टाकते.

पाचवी पायरी: कागदपत्रे लागणाऱ्या वस्तू

मोबाइल आणि दुचाकी या दोन वस्तूंमध्ये चोरीचा माल फिरत असतो. चोरीची आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, वस्तू घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि 'इतका स्वस्त का?' हा प्रश्न स्वतःला न विचारणे महागात पडू शकते.

मोबाइलवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. त्यानंतर केवायएम ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. दूरसंचार विभागाकडून येणाऱ्या उत्तरात क्रमांक काळ्या यादीत आहे का ते समजते. विक्रेत्याने आपल्यासमोर स्वतःच्या गुगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडून फोन पूर्ण रिकामा करून द्यावा, नाहीतर पुढे तो फोन त्याच्या पासवर्डाशिवाय उघडत नाही.

दुचाकी घेताना नोंदणी पुस्तकातला इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष पाहावा. कर्ज घेतलेले असेल तर पुस्तकात बोजा नोंदलेला असतो, आणि तो उतरवण्यासाठी नमुना ३५ व बँकेचे पत्र लागते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, विमा व पीयूसी चालू आहेत का ते पाहावे आणि थकलेली ई-चलने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. नवखे लोक इथे एक ढिलाई करतात, ती विकणाऱ्यालाही नडते: सह्या केलेले कोरे नमुने गाडीबरोबर फिरत राहतात आणि नाव तसेच राहते. अपघात झाला तर पोलीस नोंदणी असलेल्या मालकाच्याच दारात येतात. म्हणून अर्ज दाखल झाल्याची पावती दोघांनीही जपून ठेवावी.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहे आणि तिथे फार सांगण्यासारखे काही नाही. अभियांत्रिकीचे पुस्तक घेताना ते कोणत्या वर्षाच्या पॅटर्नचे आहे तेवढे पाहावे, आणि वर्षअखेरीस ते परत घेणार का आणि किती कापून, हे खरेदीच्या वेळीच ठरवावे.

भाव ठरवण्याविषयी

घासाघीस जरूर करावी, पण दोष दाखवून करावी. 'दादा, एवढे कुठे असते का?' म्हणण्यापेक्षा 'मामा, ह्याची बिजागरी बदलावी लागेल, तेवढे कमी करा' असे म्हटले की समोरचा माणूस ऐकतो, कारण तो स्वतःही तसाच हिशेब करत असतो. दुकानातून मोठी वस्तू घेताना थोडा विसार देऊन बाकी रक्कम वस्तू घरी पोहोचल्यावर द्यावी, आणि कच्च्या कागदावर का होईना, पण दुकानाच्या नावासह पावती घ्यावी. चांगला माल देणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवावा. पुढे लागणारी वस्तू आधी सांगून ठेवली तर तो ती बाजूला काढून ठेवतो, आणि हा फायदा कोणत्याही ॲपवरच्या जाहिरातीत मिळत नाही.

सहावी पायरी: नको झालेले परत साखळीत सोडणे

कपड्यांसाठी दारावर बोहारीण येते. डोक्यावर किंवा खांद्यावर गाठोडे आणि हातात स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन ती हाळी देते, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देते. तिच्याशी सौदा करताना तिचे हात पाहावेत. ती शर्ट उजेडासमोर धरते, कॉलर उलटते, बगलेपाशी बोट फिरवते, पँटची चेन ओढून पाहते आणि बैठकीचा भाग विरला आहे का ते ताणून बघते. एवढ्यात तिने त्या कपड्याचे पुढचे ठिकाण ठरवलेले असते. धडका शर्ट धुऊन, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जातो, जरीच्या साडीचे काठ वेगळे निघतात, सुती साडी गोधडीला जाते आणि अगदी विरलेल्या कापडाच्या चिंध्या गॅरेजमध्ये तेलाचे हात पुसायला जातात. 'पाच साड्यांत एवढेसेच पातेले?' म्हणून गृहिणी रागावतात, पण धुणे, बटणे लावणे आणि वाहून नेणे तिच्या वाट्याचे असते. कपडे धुऊन, बटणांसह आणि जोडीने दिले तर 'मावशी, जरा मोठे द्या' म्हणायचा अधिकार आपल्याला मिळतो. सुती साड्या देऊन टाकण्याआधी गोधडी शिवून देणारी बाई आसपास आहे का याचीही चौकशी करावी. चार-पाच साड्यांत एक चांगली गोधडी होते आणि शिलाईची मजुरी थेट तिच्या हाती पडते.

रद्दी आणि भंगार देताना वेगवेगळे करून द्यावे. वर्तमानपत्रे, पुठ्ठा, लोखंडी पत्रा, जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी, पितळ आणि तांब्याची तार यांचे भाव निरनिराळे असतात, आणि एकत्र दिले तर सगळ्यात कमी भाव सगळ्याला लागतो. भंगारवाल्याच्या ताणकाट्याची (स्प्रिंगच्या काट्याची) शंका आली तर एक लिटर पाण्याने भरलेली बाटली त्याला टांगून पाहावी. काटा एक किलोच्या किंचित पुढे थांबला पाहिजे. ही परीक्षा हसतखेळत करावी, आरोप केल्यासारखी करू नये.

कचरा वेचणाऱ्या स्त्रियांविषयी दोन शब्द इथे सांगणे गरजेचे आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था कामाला लागली. महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. आपल्या दारावर येणारी ताई सुका कचरा निवडून विकते आणि ते तिच्या उत्पन्नाचे एक साधन असते. त्यामुळे दुधाच्या पिशव्या धुऊन देणे, फुटलेली काच कागदात गुंडाळून वर तसे लिहिणे आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करणे, यात तिचे हात वाचतात आणि मालाचा भावही वाढतो. जुने कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्यासाठी 'स्वच्छ' वेळोवेळी संकलन मोहिमा घेते. तारीख त्या ताईकडेच विचारावी.

बिघडलेला संगणक, चार्जर, बॅटऱ्या ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, आणि तार जाळून तांबे काढणाऱ्यालाही देऊ नयेत. दुरुस्त होणारे असेल तर दुरुस्तीच्या दुकानात सुट्या भागांसाठी त्याला किंमत मिळते. न होणारे असेल तर ते ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाकडे द्यावे.

सातवी पायरी: सोसायटीत देवाणघेवाण भरवणे

वर्षातून एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वस्तूंची देवाणघेवाण भरवता येते, आणि नव्या भाडेकरूंना तिथेच सगळ्यात चांगल्या वस्तू मिळतात, कारण त्या कोणत्या घरातून आल्या ते ठाऊक असते. मात्र ती भरवताना एका प्रयोगाचा अनुभव लक्षात ठेवावा. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात एका भिंतीवर गरजूंसाठी कपडे टांगायची कल्पना निघाली आणि २०१६ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. नको असेल ते द्या, हवे असेल ते न्या, इतकी ती सोपी होती. जिथे रोज कोणीतरी कपडे निवडून, घड्या घालून ठेवत होते तिथे ती चालली. जिथे निवडायला कोणी नव्हते तिथे पहिल्या पावसात फाटक्या कपड्यांचा ढीग झाला. याउलट दिल्लीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'गूंज' संस्थेने निवडीलाच कामाचा गाभा मानले: शहरांतून आलेले कपडे वर्गवारी करून, दुरुस्त करून गावांत पाठवले जातात आणि तिथे विहीर किंवा रस्ता यांसारख्या सार्वजनिक कामाचा मोबदला म्हणून लोकांना मिळतात. घेणाऱ्याला हात पसरावे लागत नाहीत, ही यातली मोठी गोष्ट आहे.

म्हणून सोसायटीच्या कार्यक्रमासाठी आधी निवड करणारी तीन-चार माणसे ठरवावीत आणि त्यांनी वस्तू आदल्या दिवशी संध्याकाळी स्वीकाराव्यात. फाटके, तुटके, भाग हरवलेले जागेवरच परत करावे, मग देणाऱ्याला राग आला तरी चालेल. विजेच्या वस्तू प्लग लावून तपासाव्यात, चालणाऱ्यांवर हिरवी आणि दुरुस्ती लागणाऱ्यांवर पिवळी चिठ्ठी लावावी, आणि शक्य असेल तर भागातला एखादा इलेक्ट्रिशियन व एक शिंपी यांना दिवसाची मजुरी देऊन तिथेच बसवावे. फुकट देण्यापेक्षा नाममात्र किंमत ठेवलेली बरी, कारण मग माणूस लागेल तेवढेच उचलतो आणि त्या पैशांतून या दोघांची मजुरी निघते. सोसायटीत काम करणाऱ्या मावशी, सुरक्षारक्षक आणि माळीकाका यांना पहिल्या तासात बोलवावे. सगळ्यांनी चाळून झाल्यावर उरलेले त्यांच्यापुढे ठेवू नये. संध्याकाळी जे राहील त्यासाठी बोहारीण आणि भंगारवाले यांना वेळ आधीच सांगून ठेवावी, म्हणजे रात्रीपर्यंत पार्किंग मोकळे होते.